पुढच्या सीटचा मान

५ जानेवारी, रविवार

ही डायरी फुकटची आहे. दातांच्या औषधांच्या कंपनीने डॉक्टरांना दिली आणि डॉक्टरांनी मला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरी दाढ छापली आहे. मी त्यांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. पेशंटना फोन करून तारखेची आठवण करून देणं हे माझं मुख्य काम. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून कान किटतात, म्हणून म्हटलं घरी आल्यावर कुठेतरी खरं लिहावं.

आज मामांकडे जाऊन आलो. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि अंथरुणाला खिळलेत. त्यामुळे दर रविवारी आमची वरात तिकडे. गाडी हे चालवतात, शेजारी सासूबाई, मागे नणंद, लेक आणि मी. त्यातही मी मधोमध, जिथे धड सीटही नाही, नुसता उंचवटा आहे. मांडीवर जेवणाचे डबे. नणंद, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तिचं लग्न टिकलं नाही, आणि का टिकलं नाही हे तिच्या शेजारी तासभर बसलं की आपोआप कळतं.

लग्नाला सतरा वर्षं झाली. गाड्या बदलल्या, माझा उंचवटा तोच राहिला.

९ जानेवारी, गुरुवार

घरच्या फोनवर आज एका मुलीचा फोन आला. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून बोलत होती. "गाडीच्या मालकांशी बोलायचंय." म्हटलं, ते ऑफिसात आहेत, मला सांगा, मी बायको. तर म्हणे मालकांनाच सांगायचा नियम आहे. "तातडीचं आहे एवढं सांगा, मॅडम. कंपनीने ह्या मॉडेलच्या काही गाड्या परत बोलावल्यात."

मी म्हटलं, परत म्हणजे? आता ओढून नेणार की काय? ती हसली नाही. मी असे फोन दिवसाला तीस करते, त्यामुळे मला आवाजावरून कळतं. ही घाबरलेली होती. ह्यांनी गेल्या वर्षी मोबाइलचा नंबर बदलला. दुधवाल्यापासून सगळ्यांना नवा नंबर कळवला, फक्त गाडीवाल्यांना नाही.

११ जानेवारी, शनिवार

ह्यांनी आज फोन केला. बाल्कनीत जाऊन, दार लावून. काचेतून दिसत होते. आधी हातवारे चालले होते, भांडत असल्यासारखे. मग नुसते ऐकत उभे राहिले. बराच वेळ.

आत आल्यावर विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही गं. एक पार्ट बदलायचाय. अजून आलेला नाही त्यांच्याकडे. आला की बोलावतील."

"पैसे लागणार?"

"फुकट आहे." मग जरा थांबून, "तू कुणाला बोलली नाहीस ना हे?"

कुणाला बोलणार? ह्या दाढेला?

नंतर सासूबाईंच्या खोलीत दोघं बसले होते. मी चहा घेऊन गेले तर एकदम गप्प. सासूबाईंचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, मामांचं काही कमीजास्त झालं की काय. विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं. ठेव चहा." आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशा कधी बघत नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते लिहिताना हसूच येतंय.

खाली गाडीपाशी गेलो. मी सवयीने मागचं दार उघडून उंचवट्यावर चढायला लागले, तर हे म्हणाले, "तू पुढे बस."

मला वाटलं लेकीला म्हणाले. मी आत शिरतेच आहे. तर परत, "अगं, तुला म्हणतोय. पुढे बस. आईला मागे ऐसपैस बसू दे."

मागे ऐसपैस! तिथे नणंदेच्या शेजारी मांजरही ऐसपैस बसू शकत नाही. पण सासूबाई एक चकार शब्द न काढता मागे गेल्या. ज्या बाईने सतरा वर्षांत मला खिडकीसुद्धा दिली नाही, त्या बाईने सीट सोडली.

पुढून रस्ता केवढा मोठा दिसतो! मला ह्यांच्याशी बोलता आलं. दर वेळी मान लांब करून, दोन डोक्यांच्या मधून ओरडावं लागतं, ते नाही. सिग्नलला मी त्यांना पाण्याची बाटली उघडून दिली. अगदी जाहिरातीतल्यासारखं जोडपं. सासूबाई मागून दोनदा म्हणाल्या, "पट्टा लाव गं नीट." एवढी काळजी!

कदाचित माणसाला उशिरा सुचतं. सतरा वर्षांनी का होईना, ह्यांना बायको दिसली. मी खूश आहे, आणि हे लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज नणंदेचा पारा चढला. खाली उतरल्या उतरल्या म्हणाली, "गेल्या रविवारी ही बसली, आज मी बसणार पुढे. मला मागे मळमळतं."

हे म्हणाले, "नाही ताई. तू मागेच बस."

"का? हिला काय शिंगं फुटलीत?"

"सांगितलं ना एकदा! ती बसणार तिथे."

असा चढा आवाज त्यांनी बहिणीपुढे कधीच काढला नव्हता, निदान माझ्या बाजूने तर नाहीच. नणंदेने गाल फुगवले आणि मामांच्या घरापर्यंत तसेच ठेवले. येताना लेक म्हणाली, "बाबा, येताना तरी मी बसू?" तर तिचा दंड धरून तिला मागे ढकललंच जवळजवळ. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू? आतून गुदगुल्याही झाल्या. माझ्यासाठी ते पोटच्या पोरीलाही नाही म्हणाले.

सासूबाई हल्ली माझ्याशी मऊ बोलतात. काल त्यांनी त्यांची राखाडी शाल मला दिली. "तुला पुढे वारं लागतं," म्हणाल्या. मी ती घेतली आणि मनात म्हटलं, जिंकलं बाई.

२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना सर्दी, नणंद त्यांच्या सोबतीला, लेकीची परीक्षा. म्हणून मामांकडे आम्ही दोघंच. डोकं जड होतं. मी म्हटलं, "मी मागे बसू का? पाय लांब करून जरा पडते."

ह्यांनी किल्ली लावली होती, पण फिरवली नाही. क्षणभर वाटलं काहीतरी बोलणार. मग म्हणाले, "तुझी मर्जी."

तुझी मर्जी! म्हणजे मी शेजारी हवी आहे, पण तोंडाने म्हणवत नाही. पुरुषांचं हे असंच. मी पुढेच बसले. सबंध रस्ताभर ते फार सांभाळून गाडी चालवत होते, पुढच्या गाडीपासून एक बस मावेल एवढं अंतर ठेवून. मी चेष्टा केली, म्हटलं, अंडी नेताय का? हसले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्या सर्व्हिस सेंटरच्या मुलीचा परत फोन. आवाज ओळखीचा झाला आता. "मॅडम, पार्ट येऊन आठवडा झाला. साहेबांना मी नव्या नंबरवर दोनदा फोन केला, ते तारीख घेतात आणि येत नाहीत. दोन तासांचंच काम आहे. प्लीज सांगा त्यांना."

मला तिची दया आली. असले लोक मला रोज भेटतात. दाढ किडली, सांगून सांगून आपण थकतो, तारीख घेतात, येत नाहीत. मग एक दिवस गाल धरून रडत येतात आणि वर आपल्यालाच विचारतात, आधी का नाही सांगितलं?

ह्यांना सांगितलं. "शनिवारी नेतो," म्हणाले. मग, "ती मुलगी तुला आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. मालकांनाच सांगायचं म्हणते."

"हं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. शनिवारी त्यांना साहेबांच्या पार्टीला गाडी हवी आहे, ते मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी आणखी काही निघेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे कालपासून कामासाठी बाहेरगावी आहेत, परवा येणार. मी म्हटलं आपणच गाडी नेऊन टाकू. लायसन्स काय कपाटात पूजेला ठेवायला काढलं? त्यांनाही बरं वाटेल, एक काम कमी. दवाखान्यातून अर्धी सुटी घेतली.

ती फोनवाली मुलगी काउंटरवरच होती. माझ्या लेकीहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. गाडीचा नंबर पाहून तिने आधी विचारलं, "मॅडम, पुढच्या सीटवर कोणाला बसवून नाही ना आणलंत?"

मी म्हटलं, नाही, एकटीच आले. का?

तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

मग तिनेच सांगितलं. चालकाच्या शेजारच्या सीटपुढे जी एअरबॅग असते, ती फुगवायला आत एक लोखंडी डबी असते. ती जुनी झाली की त्यातली स्फोटाची दारू बिघडते. मग गाडी कुठे ठोकली, अगदी साधी ठोकली, तरी बॅग फुगायच्या ऐवजी ती डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या गळ्यात, तोंडात. म्हणून गाड्या परत बोलावल्यात. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असली तरी चालतं, कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला की कळतं, आपली गाडी त्यात आहे की नाही. पैसे लागत नाहीत. "आणि भाग बदलेपर्यंत त्या सीटवर कोणालाही बसवायचं नाही, मॅडम. सगळ्यांनी मागे बसायचं. मी साहेबांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, कळलं."

"आम्ही घरात पाच माणसं आहोत," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"मग पाचव्याला बसने पाठवायचं," ती म्हणाली.

तिने कधी वाचून दाखवलं, हे मी विचारलं. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, म्हणाली. तो शनिवार मला आठवतो. मी चहा घेऊन गेले होते.

दोन तास मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर टीव्हीवर कोणीतरी बाई नाचत होती. काम झाल्यावर मुलीने सही घेतली आणि म्हणाली, "आता निर्धास्त बसा पुढे." तिला वाटलं मी त्या काळजीने रडतेय. मी तिला म्हटलं, साहेबांना फोन करू नकोस, मीच सांगेन. ती म्हणाली, सही झाली, आता आम्हाला फोन करायचं कारणच नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काही लिहावंसं वाटत नाही. दवाखान्यात आज एका पेशंटवर खेकसले. म्हातारा माणूस होता, त्याची काही चूक नव्हती.

एकच गोष्ट राहून राहून डोक्यात येते. आम्ही दोघंच होतो त्या दिवशी. मागची अख्खी सीट रिकामी होती. मी स्वतः म्हटलं, मागे बसू का?

तुझी मर्जी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल रात्री आला. आज सकाळी चहा देताना मी त्याला एक संधी दिली. अगदी सहज विचारलं, "त्या गाडीच्या पार्टचं काय झालं हो? कसला पार्ट आहे तो?"

"हॉर्नचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "बिस्किटं संपली का?"

मी बिस्किटांचा नवा पुडा फोडून दिला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. म्हणजे त्यांना माहीत आहे. ती शाल मी कपाटातून काढून मोलकरणीला देऊन टाकली.

माझ्या जागी दुसरी असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मलाही घ्यायचं होतं. पण मला ठाऊक आहे काय होईल. नणंद म्हणेल, झालं का काही? नाही ना? मग? आणि तो म्हणेल, अगं, हजारात एखाद्या गाडीचं होतं. आणि शेवटी मीच कांगावखोर ठरेन. नको. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे, चार माणसांत.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

खाली गाडीपाशी आलो तेव्हा तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर त्यांची स्कूटर पुसत होते. मला हवंच होतं कोणीतरी. मी पुढचं दार उघडलं आणि मोठ्याने म्हटलं, "आई, आज तुम्ही बसा पुढे. किती दिवस मागे कोंबलंय तुम्हाला. लोक म्हणतील, सुनेने सासूची जागा बळकावली."

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "मला मागेच बरं."

"बरं कसलं? गुडघे दुखतात तुमचे. चोळून मीच देते ना? मला नाही कळणार?"

मास्तर फडकं झटकत म्हणाले, "बसा की आजी! सूनबाई एवढ्या प्रेमाने म्हणतायत."

"कोणीच बसत नसेल तर मी बसते," म्हणत नणंद पुढे सरसावली.

"नाही!" तो ओरडला. मास्तरांचं फडकं हातात राहिलं. लेक म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही. ताई, तू मागे बस."

"मग आई बसतील," मी म्हटलं. "का हो? बसू देत ना?"

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं. "अरे," म्हणाल्या, "तू सांग ना हिला."

तो माझ्याकडे बघत होता, मग मास्तरांकडे, मग हातातल्या किल्लीकडे. त्या सीटवर धोका आहे, एवढंच म्हणायचं होतं त्याला. तो म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की भाग बदलून आणलाय. खरंच सांगितलं असतं. मग वर जाऊन काय भांडायचं ते भांडलो असतो. मी वाट बघत होते, आणि सासूबाई माझ्याहून जास्त वाट बघत होत्या.

"बस आई," तो म्हणाला. "उशीर होतोय."

त्या बसल्या. दार मीच लावलं. पट्टा त्यांना लावता येईना, तो मी आत वाकून लावला. त्यांचे हात गार होते.

मी माझ्या उंचवट्यावर बसले. तिथून दोघांची डोकी दिसतात. तो आज फारच हळू चालवत होता, मागचे हॉर्न वाजवत होते. एका चौकात कुत्रं आडवं आलं आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गळा नाही, तोंड. कितीतरी वेळ त्यांनी हात काढलेच नाहीत. त्याने त्यांच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. नणंद म्हणाली, "एवढं काय घाबरायचं आई, कुत्रंच होतं."

मामांच्या दारात उतरल्यावर त्या लेकाचा हात सोडून माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. तो गाडी लावायला पुढे गेला, बाकीच्या दोघी आत गेल्या.

"तुला कळलंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी त्याला म्हटलं होतं गं, मी बसने जाते. तर म्हणाला, काही होत नाही, हजारात एखादी असते." त्यांना दम लागला होता. "मग मला मागे कशाला बसवतोस, असं मी विचारलं नाही."

मी डब्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आज मला वाटलं, माझ्यासाठी तरी बोलेल."

त्यांना रडायचं असावं, पण मामांची बायको दारात आली आणि आम्ही दोघी हसलो.

जेवण झाल्यावर निघालो, तर सासूबाई आपणहून पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, मागे बस ना आता."

"का रे?" त्यांनी विचारलं.

तो गाडीला वळसा घालून आपल्या जागेवर जाऊन बसला.

भाग बदललाय आई, आता काही होणार नाही, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते सबंध रस्ताभर तसंच ठेवलं. त्यात वाईट काय आहे? मी काही त्याच्यासारखी नाही. त्याने मला खरोखरच्या धोक्यात बसवलं होतं. मला तर पक्कं माहीत होतं की सासूबाईंना काही होणार नाही. नुसतं बसायचंच होतं त्यांना, मी बसत होते तसं.

आता घरी आलोय. त्या जेवायला नको म्हणून पडून राहिल्यात. मघाशी गुडघे चोळायला गेले तर पाय अजून कापत होते. सांगायचंच आहे त्यांना. पुढच्या रविवारी सांगितलं तरी चालेल.